रांगेतली मोकळी जागा

ऑफिसात आल्यावर माझ्याबरोबरच्या मुलींची पहिली दहा मिनिटं ट्रॅफिकला शिव्या घालण्यात जातात. कोण कुठल्या पुलाखाली अडकली, कुणाची बस भरून निघून गेली, कुणाच्या रिक्षावाल्यानं अर्ध्या रस्त्यात उतरवलं. मी आपली कॉम्प्युटर चालू करून गप्प बसते. त्यांना वाटतं, मी फार सोशीक आहे. सोशीक कसली! राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, घरी कुणालाही विचारा. पण सुरतच्या रस्त्यांवर चिडायचं म्हटलं तरी मला जमत नाही. एका खोदून ठेवलेल्या रस्त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

अमळनेरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन मी सुरतच्या लिंबायत भागात आले. पहिला महिनाभर मला कळेना, की आपण गुजरातेत आलोय की माहेरच्याच तालुक्यात. भाजीवाली अहिराणी, दूधवाला अहिराणी, गल्लीतली भांडणं अहिराणी. माणसांबरोबर गावाकडच्या रीतीही आगगाडीत बसून आलेल्या. त्यातली एक रीत अशी, की सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही. एका खाटेवर किंवा एका बाकावर तर नाहीच नाही. डोक्यावर पदर हवा आणि थेट बोलायचं नाही.

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत. दारात आले की ते खाकरायचे, मी बांगड्या वाजवायचे, म्हणजे मी आत आहे हे त्यांना कळायचं. चहात साखर कमी पडली तर ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "आज साखर कमी शे." मी भिंतीचं ऐकून साखर घालायचे. यात कुणी कुणावर रुसलेलं नव्हतं. उलट तो मान होता. नऊ वर्षं आमचा संसार असा भिंतीच्या मध्यस्थीनं बिनबोभाट चालला होता.

आबा उधन्याला एका लूमच्या कारखान्यात बीम जोडायचे. मागावरचा एक बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला मोठा रूळ, संपला की नव्या बीमचे हजारो धागे जुन्या धाग्यांना एकेक करून गाठीनं जोडावे लागतात. बोटांचं काम, आणि ते येणारी माणसं आता कमी उरलीत. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात राहून आबांचे कान निम्मे गेले होते, पण बोटं पंचविशीतल्या माणसाची होती. कारखाना आठला सुरू व्हायचा आणि तिथला नियम साधा होता. जोडणारा जो आधी पोचेल, त्याला बीम. उशिरा येणाऱ्यानं इकडचं ओझं तिकडे करावं.

माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी गल्लीतल्याच एका क्लासात साडीचं डिझाइन कॉम्प्युटरवर करायला शिकले. एकच साडी आठ वेगवेगळ्या रंगांत कशी दिसेल, ते करून दाखवायचं. हात बरा बसला आणि एका डिझाइनच्या ऑफिसात काम मिळालं. उधन्यापर्यंत रिक्षा आणि तिथून पुढे चाळीस मिनिटं बीआरटीएसची बस. ऑफिस नऊचं. तीन महिने बघू, म्हणाले, आणि त्या तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला तर येऊ नका. घरातली पहिली बाई बाहेर कामाला निघाली होती. नवरा सचिन गावच्या मिलमध्ये कामाला, तो म्हणाला, "आबांना विचारा." कोण विचारणार? सासूबाईंनी विचारलं. आबा भिंतीला म्हणाले, "करू दे."

दोनच शब्द. ते मनापासून होते की नाइलाजानं, हे भिंतीला काय कळणार आणि मला तरी काय कळणार.

सुरुवातीला सगळं छान होतं. आबा साडेसातला निघायचे, मी आठला. शटल रिक्षा, म्हणजे माणसं भरून ठरल्या वाटेनं जाणारी, गल्लीच्या तोंडाशीच मिळायची. गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यातून, पलीकडे गेलं की पुढे रस्ता सरळ उधन्याला. मग एके दिवशी रस्त्याच्या मधोमध पत्रे लागले. सुरत वाढतेय, त्यामुळे दर चार महिन्यांनी कुठेतरी पत्रे लागतातच. कुठे मेट्रोचे खांब, कुठे पूल, कुठे गटाराचे पाइप. या वेळी आमची पाळी होती. रिक्षांना लांबून वळसा पडायला लागला आणि अर्ध्या रिक्षावाल्यांनी आमची वाटच सोडून दिली. ज्या उरल्या त्यांच्यावर माणसं तुटून पडायची. पहिल्याच आठवड्यात मला दोनदा उशीर झाला. तीनमधले दोन संपले.

मग आमच्याच लोकांनी रांग लावली. पोलीस नाही, मुकादम नाही, आपली आपण. नळावर हंडे मांडून नंबर लावण्यात आमची हयात गेलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी लोकांनी रांगेत डबे आणि पिशव्या ठेवल्या. त्यावरून इतकी भांडणं झाली की दुसऱ्या दिवशी नियम ठरला. पिशवी चालणार नाही, माणूस उभा पाहिजे. तेव्हापासून सकाळी साडेसहालाच तीस-चाळीस माणसांची शेपटी लागायची.

आता मला सव्वासातला निघावं लागायचं. आबा मात्र त्याहून आधी, सहाच्या आतच बाहेर पडायला लागले होते. सासूबाई म्हणाल्या, मारुतीच्या दर्शनाला जातात. मी पाणी भरायचे, पोळ्या लाटायचे, पोरीची वेणी घालायचे आणि धावतपळत रांगेपाशी पोचायचे. आणि माझं नशीब बघा. रांगेत पुढेच एक बाई उभी असायची, साड्यांना खडे लावायच्या कामाला जाणारी. ती मला हात करून इथे उभी राहा म्हणून बोलवायची, "ये वो माय, आठे उभी ऱ्हाय." तिच्यापुढे एका माणसापुरती जागा मोकळी असायची. मी तिथं शिरले की मागचं कुणी हूं की चूं करत नसे. मला वाटायचं, काय चांगल्या बाया आहेत! मी तिच्यासाठी डब्यातून कधी शेंगदाण्याची चटणी न्यायचे, कधी लोणचं. ती हसून घ्यायची.

फक्त एक गोष्ट मला डाचायची. मी वळणावरून येताना मला आबा दिसायचे. ते रांगेत पुढे कुठेतरी उभे असायचे, आणि मी दिसले रे दिसले की मान फिरवून रांगेतून बाहेर पडायचे आणि थेट शेवटाला जाऊन उभे राहायचे. माझ्याकडे बघणं नाही, खाकरणं नाही. ओळखसुद्धा नसल्यासारखे. एका रिक्षात शेजारी बसायला लागू नये म्हणून हे करतात, इथपर्यंत मला समजत होतं. रीतच तशी होती. पण रोज तेच बघून माझ्या डोक्यात काहीतरी भलतंच शिजायला लागलं. रांगेत सगळी आमच्याकडची माणसं. त्यांच्यासमोर 'ही माझी सून, पर्स लटकावून कामाला निघालीय' हे दिसू नये म्हणून आबा पळतात. करू दे म्हणाले ते नाइलाजानंच. त्यांना माझी लाज वाटते.

एकदा ते असं मनात बसलं की मग काय, मी रोज त्याला खतपाणी घातलं. रात्री नवऱ्यापाशी धुसफुसले. "तुमच्या वडलांना माझ्याबरोबर एका रांगेत उभं राहायची लाज वाटते," म्हणाले. तो म्हणाला, "अगं, रीत असते." मी म्हणाले, "रीत मला नका शिकवू. रांगेत उभं राहायला कुठली आलीय रीत?" तो थकून आलेला, भिंतीकडे तोंड करून झोपला. आमच्या घरातल्या भिंतींना फार कामं होती.

असे पाच-सहा आठवडे गेले. एका सकाळी आबांना ताप भरला. अंगावर गोधडी घेऊन पडून राहिले. मी नेहमीप्रमाणे सव्वासातला निघाले. रांगेपाशी पोचले तर खडेवाली बाई पुढेच उभी होती, पण तिनं हात केला नाही. तिच्यापुढे जागाच नव्हती. मी तरी निर्लज्जासारखी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "मावशी, आज माझ्यावर रागावलात का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "जागा आमनी नव्हती वो. तुना सासरानी व्हती. तुले माहीत नही?"

मला खरंच माहीत नव्हतं. मग रांग पुढे सरकत असताना तिनं सांगितलं. आबा रोज सहाला येऊन उभे राहायचे. त्यांची पाळी आली की ते मागच्याला पुढे सोडायचे, मग पुन्हा त्याच्या मागच्याला. असं करत तासभर पुढेच थांबून राहायचे. मी वळणावर दिसले की जागा सोडायचे. रांगेनं त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की घरचं माणूस बदललेलं चालेल, पण एकाच्या जागी एकच. म्हणजे मी पुढे शिरले की आबांनी शेवटाला जायचं. त्यांनी ते कबूल केलं होतं. तिच्यापुढेच ती जागा ठेवायची आणि मला हाक तिनं मारायची, हेही त्यांनीच तिला सांगून ठेवलं होतं. बाईनं बाईला बोलावलं म्हणजे सुनेला अवघडल्यासारखं होणार नाही, म्हणून.

"आनी बीम?" ती म्हणाली. तिचा नवरा आबांच्याच कारखान्यात होता. महिन्याभरात आबांच्या वाट्याला धड दोन बीम आले नव्हते. रोज पावणेनऊला पोचायचे, तोवर बीम दुसऱ्याच्या हातात गेलेला असायचा. साठीचा माणूस, कारखान्यात ज्याच्या बोटांचं नाव निघायचं, तो सुताच्या पेट्या उचलत होता.

मी गुपचूप रांगेच्या शेवटाला गेले. वाटेत मला सगळे बघताहेत असं वाटत होतं. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाला मी महिनाभर मनात नाही नाही ते बोलले, तो मला वेळेवर पोचवायला स्वतःचं काम घालवत होता. आणि त्याच माणसाच्या जागेवर उभं राहून मी त्याला नावं ठेवत होते. गरनाळ्यातून जाताना मी पदर तोंडाला लावून रडले. शेजारच्या माणसाला वाटलं, धुरानं.

ऑफिसात पोचायला साडेनऊ झाले. तिसरा उशीर. आमच्या मोठ्या बेननं, म्हणजे ऑफिस चालवणाऱ्या बाईनं, घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे. काय झालं ते विचारलं नाही. म्हणाली, "आजे जवा दऊं छुं. काले नहीं." आज सोडते, उद्या नाही. तिनं त्या दिवशी डोळेझाक केली म्हणून मी आज तिथं आहे. तिचेही उपकार मी मोजत नाही, फिटायचेच नाहीत.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्या पोळीला तेल लावत होत्या. म्हणाल्या, "माले माहीत व्हतं." मी म्हणाले, "मग मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, की त्यांनी सांगू नको म्हणून बजावलं होतं, सून काम सोडून देईल म्हणून. आणि खरंच, त्या घडीला माझ्या मनात तेच होतं. काम सोडते, असं मी म्हणालेही. सासूबाईंनी पोळी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "काम काबर सोडस? पोया मी करसू. पोरले मी धाडसू. तू जाय त्यासना संगे." पोळ्या मी करीन, पोरीला मी पाठवीन, तू त्यांच्याबरोबर जा.

बोलणं सोपं होतं. पण बरोबर जायचं म्हणजे एका रिक्षात जायचं. दोन रिक्षा मागेपुढे लगेच मिळतील असे दिवस राहिले नव्हते. मी पुढे गेले तर आबांचा बीम जाणार, आबा पुढे गेले तर माझं काम जाणार. दोघांनी एकाच रिक्षात बसायचं, किंवा एकानं घरी बसायचं, एवढंच उरलं होतं.

आबांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ते दोन दिवस मी स्वतःच पहाटे जाऊन रांगेत उभी राहिले आणि तासभर उभं राहणं म्हणजे काय ते माझ्या पायांना कळलं. चौथ्या दिवशी साडेसहाला आबा डबा घेऊन निघाले, तर मी पर्स घेऊन दारात तयार. ते थबकले. सासूबाई आतून म्हणाल्या, "ती बी येस तुमना संगे." आबा काही बोलले नाहीत. भिंतीलासुद्धा नाही. चालायला लागले. मी दहा पावलं मागे.

रांगेत आबा उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे उभी राहणार, तोच खडेवाली बाई आमच्या मध्ये शिरली. आपण होऊन, पडद्यासारखी. मला हसू आलं. आमची पाळी आली तशी मी आणि ती मागच्या सीटवर बसलो, एक कॉलेजातला मुलगा आमच्या शेजारी बसला आणि आबा पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, अर्ध्या सीटवर, आमच्याकडे पाठ करून. मी मनात म्हटलं, झालं, सुटलं. रीतही राहिली आणि रिक्षाही मिळाली.

गरनाळं ओलांडल्यावर कॉलेजातला मुलगा उतरला. पुढे चौकाच्या अलीकडे गाड्यांची ही गर्दी. ड्रायव्हरनं मान उंचावून बघितलं आणि रिक्षा कडेला घेतली. चौकात ट्रॅफिक पोलीस उभा होता, आणि पुढे माणूस बसवला की दंड. तो म्हणाला, "काका, पीछे आ जाओ. नहीं तो उतर जाओ, आगे साहब खड़ा है।"

आबांनी मागे बघितलं. मोकळी जागा माझ्याच शेजारी होती, खडेवाली माझ्या पलीकडे कोपऱ्यात अडकलेली. एक क्षणही विचार न करता त्यांनी डबा उचलला आणि खाली उतरले. तिथून कारखाना पाऊण तास चालत. पलीकडे दुसरी रिक्षा मिळणं शक्य नव्हतं, सगळ्या भरूनच येत होत्या. आजही बीम जाणार होता. मागून हॉर्न वाजायला लागले. आबा गाड्यांच्या मधून वाट काढत निघालेसुद्धा.

मी म्हणाले, "आबा, आठे बठा."

ते तसेच चालत राहिले. त्यांना ऐकूच गेलं नाही. लूमनं खाल्लेले कान, त्यात हॉर्न. नऊ वर्षांत सासऱ्यांशी पहिल्यांदा बोलले आणि तेही वाया गेलं. मग मात्र मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकले आणि गावात शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारतात तशी ओरडले, "आबा! आठे बठा! मना शेजारले!"

अख्ख्या चौकानं ऐकलं असेल. पोलिसानंही वळून बघितलं. डोक्यावरचा पदर कुठे गेला होता कोण जाणे. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. आता हे रागावणार की काय, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे आले, डबा मांडीवर घेतला आणि माझ्या शेजारी बसले. अंग इतकं चोरून, की तिघांच्या सीटवर त्यांनी चार बोटंच जागा घेतली असेल. बाहेरच्या दांडीला धरून रस्त्याकडे बघत बसले. पुढच्या वळणावर रिक्षानं असा हिसका दिला की ते बाहेर जायचे. मी त्यांचा दंड धरला. तो नंतर उधना येईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी आबांना बीम मिळाला आणि मी नऊला दहा कमी असताना माझ्या खुर्चीवर होते. पुढे रस्ता दुरुस्त झाला, रिक्षा वाढल्या, मी ऑफिसात कायम झाले. या सगळ्याबद्दल मी देवाचे आभार मानतेच. पण माझं खरं सुख मला त्याआधीच मिळालं होतं, उधन्याला रिक्षातून उतरताना. मी पैसे काढायला पर्स उघडली. आबाही खिसा चाचपत होते. ड्रायव्हरनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, दोनों साथ में हो क्या?"

रांगेतली निम्मी माणसं तिथंच उतरली होती, मागच्या रिक्षाही येऊन लागल्या होत्या. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं मोठ्यानं बोलतात, तसे आबा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हां, साथ में. बहू है मेरी. ऑफिस में काम करती है।"

मग ते माझ्याकडे वळले. बोट बसथांब्यावर येऊन लागलेल्या बसकडे होतं, पण बघत होते ते माझ्याकडेच. म्हणाले, "जाय बेटा, तुनी बस उनी."